‘करार’ : आज येथे नसलेल्यांनाही बांधणारा शब्द

प्रश्न : बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 29व्या अध्यायात इस्राएल लोकांचा नेता मोशे त्यांना सांगतो की देवाचा हा करार केवळ तुमच्याशी नव्हे, तर आज येथे आपल्यासोबत नसलेल्यांशीही आहे. मराठीत करार म्हटला की दोन पक्ष आणि दोघांची संमती आलीच. 1872च्या भारतीय करार कायद्यानुसार तर अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो. मग जे जन्मालाही आलेले नाहीत त्यांना बांधणाऱ्या गोष्टीला ‘करार’ म्हणावे काय?

उत्तर : मूळ हिब्रू शब्द ‘ब्रीत’ असा आहे आणि त्याच्याबरोबर बहुधा ‘कापणे’ हे क्रियापद येते. आपण करार करतो, हिब्रूत तो कापतात. बायबलातील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात ज्यूंचा मूळपुरुष अब्राम जनावरे मधोमध चिरून त्यांचे भाग समोरासमोर मांडतो, सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते आणि अंधारात त्या तुकड्यांमधून धुमसती भट्टी व जळती मशाल पुढे जाते. म्हणजे बंधन स्वतःवर घेणारा देव आहे, आणि दुसरा पक्ष त्या वेळी झोपलेला आहे. ग्रीक भाषांतरकारांनीही परस्परसंमतीचा ‘सिन्थेके’ न घेता ‘दियाथेके’ वापरला. त्याचा रोजचा अर्थ आपल्या ‘व्यवस्थापत्रा’च्या, म्हणजे मृत्युपत्राच्या, जवळचा आहे, आणि मृत्युपत्र करणारा वारसांना विचारत नाही. तरीही ‘करार’ टाकून द्यावा असे मला वाटत नाही. अरबीत त्याचा मूळ अर्थ स्थिर होणे, ठाम राहणे असा आहे आणि ‘करारी बाणा’ म्हणताना आपण तोच अर्थ जपतो.

प्रतिसाद : व्युत्पत्ती पटते, परंतु तिने संमतीचा प्रश्न मिटत नाही, कारण तो मराठी शब्दामुळे उद्भवलेला नाही. तो ज्यू परंपरेने स्वतःच, आणि विलक्षण धिटाईने, विचारलेला आहे. तालमुद या ज्यू आचार्यांच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात (शब्बात, 88अ) एक आचार्य म्हणतात की देवाने सिनाय पर्वत पालथ्या रांजणासारखा लोकांच्या डोक्यावर धरला आणि तोरा, म्हणजे देवाचे नियमशास्त्र, स्वीकारा, नाहीतर येथेच तुमची कबर होईल, असे बजावले. त्यावर राव अहा बार याकोव लगेच सांगतात की मग तोराविरुद्ध ही मोठीच ‘मोदाआ’ झाली. ‘मोदाआ’ हा न्यायव्यवहारातला शब्द आहे : आपण हा व्यवहार दडपणाखाली करत आहोत, अशी साक्षीदारांपुढे नोंदवून ठेवलेली हरकत. आचार्य रावा यांचे उत्तर असे की पुढे इराणचा राजा अहश्वेरोश याच्या काळात लोकांनी तोरा पुन्हा, आपण होऊन, स्वीकारली. पूर्वजांची संमती पुरेशी असती, तर हे उत्तर देण्याची गरजच पडली नसती.

पंधराव्या शतकात, स्पेनमधील असंख्य ज्यूंवर धर्मांतराची सक्ती झाल्यानंतर, हाच प्रश्न जिवावरचा झाला. 1492 साली तेथून हद्दपार झालेले ज्यू भाष्यकार इसहाक अबरबनेल ‘अनुवाद’मधील त्या वचनावरील भाष्यात तो स्पष्ट मांडतात आणि ऋणाचा दाखला देतात : वडिलांचे देणे मुलांवर येते. हा दाखला मला अपुरा वाटतो. ‘पितृऋण’ शब्द आपल्या ओठांवर असूनही, केवळ धर्मकर्तव्य म्हणून वडिलांचे नवे कर्ज मुलाकडून वसूल करण्याची वाट आपल्या कायद्याने 2005च्या हिंदू वारसा दुरुस्तीत बंद केली.

कोकणातील बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाच्या घरांत आठव्या दिवशी मुलाची सुंता होते. तिचे हिब्रू नाव ‘ब्रीत मिला’, म्हणजे सुंतेचा करार. येथे ‘कापणे’ अक्षरशः उरते आणि बाळाला कोणी विचारत नाही. याच समाजासाठी 1874 साली पुण्यात हिब्रू मजकुरासह मराठीत छापलेली हगादा, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) झालेल्या सुटकेच्या कथेची पोथी, त्या सुटकेच्या पेसाह सणाच्या रात्री वाचली जात असे. प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असे स्वतःकडे पाहावे, असे तिच्यात सांगितले आहे. मूळ हिब्रूतही तेथे ‘मान्य करणे’ किंवा ‘पाळणे’ नाही, ‘पाहणे’ हेच क्रियापद आहे, आणि ते आठ दिवसांच्या बाळाला नव्हे, तर त्या रात्री ताटावर बसलेल्या जाणत्या माणसाला उद्देशून आहे.