मदत हवी आहे: स्वतंत्र पॅकेज सामायिक रेपोत हलवायचंय, जुना इतिहास कसा टिकवू?

नमस्कार मंडळी,

सबटायटलच्या फाइली वाचणारं एक छोटं पायथन पॅकेज मी सांभाळते. कोड गिटहबवर माझ्याच खात्यात आहे. एका मुक्तस्रोत प्रकल्पाने ते आपल्या सामायिक रेपोत (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवायच्या जागेत) घ्यायची तयारी दाखवली आहे. तिथे अशी बरीच पॅकेजेस शेजारी शेजारी नांदतात, टेस्ट एकत्र चालतात, रिव्ह्यू करायला माणसं आहेत. मला जायचंच आहे. पायपीआयवरचं (पायथन पॅकेजेस जिथून उतरवून घेतात तिथलं) नावही तेच राहणार, म्हणजे वापरणाऱ्यांना काही बदलावं लागणार नाही.

अडलंय ते इतिहासापाशी. तिथल्या एका मेंटेनरचं म्हणणं, फाइली कॉपी करा, एकच मोठा कमिट (बदलाची नोंद) टाका, झालं. मला ते पटत नाही. फाइलचे पहिले तीन बाइट ईएफ, बीबी, बीएफ असतील तर ते गाळणारी एक ओळ आमच्या कोडमध्ये आहे. नुसती वाचली तर कुणीही 'हे कशाला?' म्हणून उडवून टाकेल. ब्लेम केलं, म्हणजे ती ओळ कुणी कोणत्या कमिटमध्ये लिहिली ते गिटला विचारलं, की कळतं: काही एडिटर यूटीएफ-८ फाइलीच्या सुरुवातीला ही खूण ठेवतात, ती पहिल्या सबटायटलच्या क्रमांकाला चिकटते आणि तो आकडा आकडा म्हणून वाचलाच जात नाही. हे एका योगदात्याने कमिट संदेशात नीट लिहून ठेवलंय. कॉपी केली तर हा खुलासा जाईल आणि प्रत्येक ओळीवर माझंच नाव येईल. ज्यांनी आपला वेळ दिला त्यांची नावं पुसून मला तिथे जायचं नाही.

गिट सबट्री ॲड (एक रेपो दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये जोडणारी आज्ञा) करून पाहिलं. जुने कमिट येतात, पण त्यांतले पाथ जुनेच राहतात. नव्या फोल्डरचा लॉग (कमिटांची यादी) मागितला की तो मर्जपाशीच, म्हणजे दोन इतिहास जोडले तिथेच, थांबतो. शिवाय व्ही१.०.० हा टॅग (आवृत्तीची खूण) दोघांकडेही आहे. उघड्या इशूंचं (गिटहबवर नोंदवलेल्या तक्रारी-सूचनांचं) काय करायचं? आणि माझं लायसन्स एमआयटी, त्यांचं अपाची २.०, तर सगळ्या योगदात्यांची परवानगी काढावी लागेल का?

प्रतिसाद १

तुमचा आग्रह योग्य आहे, सोडू नका. सबट्रीऐवजी गिट फिल्टर-रेपो हे इतिहास नव्याने लिहिणारं साधन वापरा. तुमच्या रेपोचा ताजा क्लोन (पूर्ण प्रत) घ्या आणि टू-सबडिरेक्टरी-फिल्टर या पर्यायाला नव्या फोल्डरचा पाथ द्या. फाइली पहिल्या कमिटपासून तिथेच होत्या असा इतिहास तयार होतो, लॉग सरळ मागेपर्यंत जातो. त्याच फेरीत टॅग-रीनेमने प्रत्येक टॅगच्या आधी पॅकेजचं नाव लावून घ्या. मग सामायिक रेपोत तो क्लोन रिमोट (बाहेरचा स्रोत) म्हणून जोडून मर्ज करा. दोन्ही इतिहासांना समान पूर्वज नाही, म्हणून अलाउ-अनरिलेटेड-हिस्टरीज द्यावं लागेल, गिट २.९ पासून त्याशिवाय मर्ज होत नाही.

सगळ्या कमिटांचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतील, सही केलेले कमिट असतील तर सह्याही जातील. जुन्या-नव्या हॅशचा तक्ता कमिट-मॅप या फाइलीत मिळतो, तो जपून ठेवा. आणि हे सहसा निसटतं: संदेशातला '#१२' नव्या रेपोत गेला की त्यांच्या बाराव्या इशूकडे बोट दाखवतो. रिप्लेस-मेसेज वापरून तिथे जुन्या रेपोचं पूर्ण नाव घाला.

प्रतिसाद २

लायसन्सचं सांगतो. परवानगी लागते ती लायसन्स बदलायचं असेल तर. एमआयटीचा कोड अपाचीच्या प्रकल्पात एमआयटी म्हणूनच राहू शकतो. तुमची लायसन्स फाइल, कॉपीराइटच्या ओळींसकट, पॅकेजच्या फोल्डरमध्ये तशीच ठेवा.

इशू एका मालकाच्या रेपोंमध्येच हलवता येतात. म्हणून आधी तुमचा आख्खा रेपो त्यांच्या ऑर्गनायझेशनकडे ट्रान्सफर करा, मग इशू हलवा, आणि अगदी शेवटी जुना रेपो अर्काइव्ह करा. अर्काइव्ह झाला की तो फक्त वाचण्यापुरता उरतो. पायपीआयवर ट्रस्टेड पब्लिशर (ठरावीक रेपोतून थेट रिलीज करायची सोय) लावला असेल तर तिथे नवा रेपो आणि वर्कफ्लो फाइलीचं नाव नोंदवा, नाहीतर पुढचं रिलीज अडेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फिल्टर-रेपो चालवलं. त्या तीन बाइटांच्या ओळीवर नव्या फोल्डरमध्येही मूळ योगदात्याचंच नाव दिसतंय! फक्त, त्यांच्या रेपोत पुल रिक्वेस्ट (बदल घ्यायची विनंती) स्क्वॉश करूनच, म्हणजे सगळे कमिट एकात दाबूनच, मर्ज होतात. मग पुन्हा सगळ्याचा एकच कमिट होणार ना?

प्रतिसाद १

हो, स्क्वॉश केलं तर सगळी मेहनत पाण्यात. त्यांच्या ॲडमिनला या एका मर्जपुरतं मर्ज कमिट चालू करायला सांगा. मुख्य ब्रँचवर सरळ रेषेतल्या इतिहासाची सक्ती असेल तर तीही तेवढ्यापुरती काढायला सांगा. कुणी कुरकुर केली तर गिटचंच उदाहरण द्या: २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने गिटके (गिटचा इतिहास चित्ररूपात दाखवणारं साधन) हा वेगळा प्रकल्प त्याच्या इतिहासासकट गिटच्या रेपोत असाच मर्ज केला होता.

धागाकर्ती

ॲडमिनला लिहिलंय, कमिट-मॅपही सोबत जोडला आहे. मर्ज होईपर्यंत जुन्या रेपोत नवीन काही घेत नाही.