व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा: रेल्वे, बस की बोट?

पारिजातक: कपाट आवरताना डॅन्यूबवरच्या बोटीचं जुनं तिकीट सापडलं, म्हणून हा धागा. व्हिएन्नाला जाणारे बरेच जण शेजारच्या स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा एका दिवसात करून येतात. कशाने जावं, अनुभवी लोकांनी लिहा. बोट व्हिएन्नातल्या श्वेडनप्लाट्झहून निघते. जाताना सव्वा तास, येताना दीड, कारण परतीला प्रवाहाविरुद्ध यावं लागतं. हिवाळ्यात बंद.

कोकणकडा: बोटीच्या भरवशावर परतीचं विमान ठेवू नका. १९८४ च्या आंदोलनामुळे वाटेतल्या हाइनबुर्गचं धरण झालंच नाही, त्यामुळे या पट्ट्यात नदी मोकळी वाहते. पूर आला किंवा पाणी उतरलं की फेरी रद्द. पण दोन्ही काठांचं ते जंगल त्यामुळेच वाचलं, १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. एकदा तरी बोटीने जाच.

शेवंती: घाईत लिहितेय, कुकर लावलाय. रेल्वेला व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकावरून साधारण तास लागतो, आरक्षण लागत नाही. मार्ग दोन. मारखेगवरून जाणारी गाडी ब्रातिस्लाव्हाच्या मुख्य स्थानकावर (ह्लाव्हना स्तानित्सा) जाते, दुसरी नदीच्या अलीकडे पेत्रझाल्काला थांबते. फलाटावर 'ब्रातिस्लाव्हा' एवढंच वाचून चढू नका, पुढचं नाव बघा. चुकून पेत्रझाल्काला उतरलात तर ९३ नंबरची बस गावात नेते.

निळासावळा: +१. आणि जाऊन-येऊनचं 'ब्रातिस्लाव्हा तिकीट' मागा, त्यात तिथल्या ट्राम-बसचाही प्रवास धरलेला असतो. सुटं काढलंत तर बसमध्ये चढल्या चढल्या यंत्रात घालून शिक्का उमटवा. शिक्का नसेल तर तिकीट हातात असूनही दंड.

मुक्ताई: विमानतळावरून थेट जायचं तर बसच. श्वेखाटला (म्हणजे व्हिएन्नाच्या विमानतळाला) थांबून पुढे तासाच्या आत. रेल्वेने सामान घेऊन गाडी बदलत बसावं लागतं. उतरायचं मोस्ट एसएनपीला, पुलाखालून वर आलात की सेंट मार्टिन कॅथेड्रल समोर. काही बस फक्त निव्ही स्थानकाला जातात, तिथून जुनं गाव पायी पंधरा-वीस मिनिटं.

पारिजातक: मुक्ताई, हे कामाचं! आईबाबांसाठी बसच बघते. एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा चालेल ना?

मुक्ताई: हो गं, चालतो. स्लोव्हाकिया २००७ पासून शेंगेनमध्ये, २००९ पासून युरो. तरी मूळ पासपोर्ट जवळ हवाच, मध्येच तपासणी होते. फोटोकॉपी पुरत नाही.

कोकणकडा: भाड्याची गाडी असेल तर दोन्ही देशांचे महामार्ग-पास वेगवेगळे घ्यावे लागतात. शिवाय सीमा ओलांडायची परवानगी करारात लिहून घ्या, नाहीतर अपघात झाल्यावर विमा हात वर करतो.

रानवारा: सायकल कुणीच लिहिली नाही? युरोव्हेलो ६ हा सायकलमार्ग, साधारण ६५-७० किमी, सगळं सपाट. वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून जाताना सायकल आणि येताना रेल्वे. सायकलचं तिकीट वेगळं. बांधावरच्या सरळ रस्त्याला सावली नाही, पाणी भरपूर घ्या.

शेवंती: कुकर उतरवला :) शाकाहारींनो, तिथे ब्रिंड्झोव्हे हालुश्की मागवाल तर वर डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. 'बेझ स्लानिनी' म्हणा. मेंढीचं खारट चीज आणि बटाट्याचे छोटे गोळे, पोटभर होतं.

पारिजातक: बाबा चीज खात नाहीत गं. दशम्या बांधून देते.

शेवंती: आणि शेंगदाण्याची चटणी. कोरडीच दे, तेल गळतं.