मदत हवी आहे: एकाच डिस्ट्रोच्या तीन इमेज, नावं कशी द्यायची?

अर्धविराम
आमच्या डिस्ट्रोच्या (लिनक्सवर बांधलेली ऑपरेटिंग सिस्टिम) तीन इमेज (उतरवून इन्स्टॉल करायच्या आयएसओ फाइली) निघतात: पूर्ण, जुन्या मशीनसाठी हलकी आणि सर्व्हरची. लोक हमखास भलतीच उतरवतात आणि बग नोंदवताना कुठली ते सांगत नाहीत. तिघींना वेगळी नावं आणि लोगो द्यावेत की एकाच नावाला शेपूट जोडावं? हलकीला 'लाइट' म्हणावं का यावरून टीममध्ये जुंपली आहे. रविवारी रिलीज आहे, लवकर सांगा.

कळफलक
बेस, म्हणजे ज्यावर बांधली ती मूळ डिस्ट्रो, कुठला? स्वतःचा की दुसऱ्याचा? तिन्ही एकाच रेपॉझिटरीतून (पॅकेजच्या साठ्यातून) बनतात का? हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

साखरझोप
शेपूट. उबुंटूवरून आलेली कुबुंटू, झुबुंटू ही जोडनावं चालली कारण मूळ नाव आधीच घरोघरी होतं. 'लाइट' मात्र नको. काय कापलंय ते त्यातून कळत नाही, आणि लोक तिला अर्धवट समजतात. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरने २०२० मध्ये ७.० च्या चाचणी आवृत्तीत 'पर्सनल एडिशन' लिहिलं, तर पुढे पैसे मागणार की काय अशी ओरड झाली. शब्द काढावा लागला आणि ७.१ ला 'कम्युनिटी' आलं.

टर्मिनलवाला
नावं राहू द्या. आधी कोडचं लायसन्स एजीपीएल (बदललेला कोडही खुला ठेवायला लावणारं) करा, नाहीतर उद्या कुणीही फोर्क करून, म्हणजे कोडची प्रत घेऊन, तुमचंच नाव लावेल.

कळफलक
@टर्मिनलवाला, लायसन्सने नाव वाचत नाही. कोड आणि ट्रेडमार्क ही दोन वेगळी खाती. अपाची २.० या लायसन्सच्या सहाव्या कलमात तर ट्रेडमार्क देत नाही असं सरळ लिहिलंय. कोड मुक्त असूनही डेबियन या डिस्ट्रोने २००६ पासून २०१६ पर्यंत फायरफॉक्स 'आइसवीझल' नावाने दिला, तो नाव-लोगोच्या अटींमुळेच.

टर्मिनलवाला
तरी एजीपीएलच बरं.

अर्धविराम
लायसन्स कुणी विचारलं? बेस फेडोरा आहे, लिहायचं राहिलं. आमचं नावही 'फेडोरा'नेच सुरू होतं आणि बूट होताना त्यांचाच लोगो येतो. चालतं ना?

कळफलक
नाही चालत! हेच पहिल्या ओळीत हवं होतं. बदललेल्या इमेजला स्वतःचं नाव हवं, आणि सोबत 'फेडोरा रीमिक्स' हे त्यासाठीच ठेवलेलं चिन्ह लावता येतं. किकस्टार्टच्या (इमेज कशी बनवायची ते सांगणारी फाइल) पॅकेज यादीत फेडोरा-लोगोज, फेडोरा-रिलीज आणि फेडोरा-रिलीज-नोट्स यांच्यापुढे वजाचं चिन्ह टाका. त्यांच्या जागी जेनेरिक-लोगोज, जेनेरिक-रिलीज, जेनेरिक-रिलीज-नोट्स. नुसतं वजा करून भागत नाही. बाकी पॅकेजना लागणारा 'सिस्टिम-लोगोज' कुणीतरी पुरवायलाच लागतो, मग डीएनएफ (फेडोराचा पॅकेज इन्स्टॉलर) जुनं पॅकेज परत ओढून आणतो.

मी_रात्रपाळी
पुढे जेनेरिक-रिलीजची प्रत काढून स्वतःचं रिलीज पॅकेज बनवा. सिस्टिमची ओळख सांगणाऱ्या ओएस-रिलीज फाइलमध्ये 'आयडी' तिन्ही इमेजना एकच ठेवा आणि 'आयडी_लाइक'मध्ये फेडोरा लिहा. फरक फक्त 'व्हेरिएंट' आणि 'व्हेरिएंट_आयडी'मध्ये. प्रत्येकीला वेगळा आयडी दिलात तर बाहेरच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट 'अनोळखी सिस्टिम' म्हणून थांबतील. बग फॉर्ममध्ये व्हेरिएंट_आयडी आपोआप भरून घ्या, म्हणजे 'कुठली?' विचारायची वेळच येणार नाही.

नाव आखूड ठेवा. आयएसओचं व्हॉल्यूम लेबल ३२ अक्षरांत बसावं लागतं, आणि लाइव्ह इमेज (इन्स्टॉल न करता चालणारी) त्याच लेबलवरून स्वतःची रूट, म्हणजे मूळ फाइलसिस्टिम, शोधते. लेबल बदललं आणि ग्रबच्या (बूट मेनू) ओळीतलं जुनंच राहिलं, तर बूट ड्रॅकटच्या (सुरुवातीचं बूट सांभाळणारं साधन) इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन पडतं. त्यात पेनड्राइव्हवर असणाऱ्या फॅट३२ फॉरमॅटचं लेबल ११ अक्षरांचंच. पेनड्राइव्हवर फाइली नुसत्या कॉपी केल्या तर तीच गत.

साखरझोप
लोगो एकच ठेवा, रंग बदलून वेगळेपणा आणू नका. ज्यांना लाल-हिरवा ओळखू येत नाही त्यांना तिन्ही सारखेच. कोपऱ्यात वेगळा आकार द्या आणि १६ पिक्सेलला, काळ्या-पांढऱ्यात तपासा. बारीक रेघा तिथे चिखल होतात.

टर्मिनलवाला
अवांतर: नाव देवनागरीत का नाही?

मी_रात्रपाळी
ओएस-रिलीजच्या प्रिटी_नेममध्ये (लोकांना दिसणारं नाव) खुशाल लिहा, पण साध्या टेक्स्ट कन्सोलवर चौकोन दिसतील. आयडीत फक्त छोटी रोमन अक्षरं, आकडे, टिंब, आडवी रेघ आणि अंडरस्कोर चालतात.

अर्धविराम
हलकी इमेज कालपासून बूटच होत नव्हती, लेबलचंच कारण निघालं. लोगो पॅकेज बदलतोय. पण 'लाइट' नाही तर काय?

साखरझोप
डेस्कटॉपचं नाव लावा. सिनॅमन हा डेस्कटॉप असलेल्या उबुंटू सिनॅमनने तेच केलं. आधी 'रीमिक्स' होती, २३.०४ ला अधिकृत झाल्यावर ते शेपूट गळालं, सिनॅमन राहिलं. तुमच्या हलकीत डेस्कटॉप कुठला?

कळफलक
तेही लिहायचं राहिलं असणार.