मदत हवी आहे: स्लॅबमधल्या १९१८ च्या रुपयाची स्थिती फोटोंवरून कशी ओळखायची?

पाचपाखाडी
नमस्कार मंडळी. पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया, १९१८, मुंबई टांकसाळ, एनजीसीचा स्लॅब (नाण्यांना ग्रेड देणाऱ्या या कंपनीची सीलबंद प्लास्टिक डबी), लेबलवर एमएस ६२ (एमएस म्हणजे न वापरलेल्या नाण्याची ग्रेड). विकणारे वाशीचे आहेत. नाणं रविवारी दाखवतो म्हणतात, पण तोवर राखून ठेवायला २,००० रुपये आगाऊ मागताहेत. तीन फोटो आलेत. राजाचा गाल आणि भुवई करडी दिसते. शिवाय मानेपासून अक्षरांपर्यंत एक लांब ओरखडा आहे. तो नाण्यावर की प्लास्टिकवर? आणि गाल झिजलाय की ठसाच हलका बसलाय?

सीवूड्सकर
ओरखड्याचं आधी, ते सोपं आहे. फोटो मोठा करून रेघ कुठवर जाते ते बघा. नाण्याची कड ओलांडून भोवतीच्या पांढऱ्या रिंगवरही तीच रेघ दिसली तर ती प्लास्टिकवर. कडेच्या आत थांबत असेल तर तिरक्या कोनातून आणखी एक फोटो मागवा. प्लास्टिकवरची रेघ कोन बदलला की अक्षरांच्या मानाने सरकते, नाण्यावरची जागची हलत नाही.

गालाचा निकाल मात्र स्थिर फोटोवर लावू नका. ठसा बसताना धातू कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्यावर उरतात. न वापरलेलं नाणं कलवलं की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो तो त्यांच्यामुळे. वापरात उंच भागावरच्या रेषा आधी जातात, आणि गेलेली झळाळी परत येत नाही. ठसा हलका बसलेला असेल तर गाल सपाट दिसेल, पण पट्टा त्यावरून पुढे जाईल. झीज असेल तर पट्टा गालाशी येऊन तुटतो आणि तेवढाच भाग मंद राहतो. तसं असेल तर ते एयू ५८ च्या (किंचित वापरलेल्याच्या) घरातलं नाणं, एमएस नव्हे.

म्हणून व्हिडिओ मागा. खोलीतले बाकीचे दिवे बंद, वर एकच बल्ब, रिंग लाइट नको. स्लॅब आधी डावी-उजवीकडे, मग पुढे-मागे, सावकाश कलवायचा. दोन्ही बाजू, प्रत्येकी १५ सेकंद. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर आकार घटताना बारीक रेघा पुसल्या जातात.

टांकसाळ_गल्ली
लेबलवरचा नंबर एनजीसीच्या साइटवर टाकलात का? नुसता नंबर सापडला म्हणून निश्चिंत होऊ नका. बनावट स्लॅबवर खरा नंबर छापलेला असू शकतो. साइटवर फोटो असेल तर डागाचा आकार, टोनिंगची (चांदीवर चढलेल्या रंगछटेची) सीमा, मोकळ्या भागातले दोन-तीन ओरखडे जुळवा. मागच्या बाजूला, तळाच्या कमळाखाली उठावदार टिंब हवं, ती मुंबईची खूण. कलकत्त्याच्या नाण्यावर खूण नसते.

पाचपाखाडी
टिंब आहे. साइटवर फोटो आहे, मानेमागचा डाग तंतोतंत जुळतो. ओरखडा रिंगवरही गेलाय, म्हणजे प्लास्टिकवरच. व्हिडिओत पट्टा गालावरून न तुटता जातो. पण कलवताना मोकळ्या भागात बारीक समांतर रेघा चमकल्या. धुतलेलं तर नसेल?

सीवूड्सकर
रेघा चेहऱ्याशी आणि अक्षरांशी थांबतात का, ते बघा. टांकसाळीत डाय (ठसा उमटवणारा साचा) घासतात तेव्हा तिच्यावर पडलेल्या खाचा नाण्यावर उठावदार रेघा होऊन येतात. चेहरा डायमध्ये खोलगट असतो, घासणी तिथे पोचत नाही, म्हणून त्या रेघा चेहऱ्यावर चढत नाहीत. या रेघांचा दोष धरत नाहीत. कापडाने किंवा पावडरने पुसल्याच्या रेघा खोदलेल्या असतात आणि गाल, मुकुट, अक्षरं काही सोडत नाहीत. उघड घासलेल्या नाण्याला एनजीसी अंकी ग्रेड न देता ‘डिटेल्स’ लिहिते. दोन-चार फिक्या हेअरलाइन (केसासारख्या बारीक रेघा) मात्र ६२ ला चालतात, ६२ म्हणजे निर्दोष नव्हे.

एकच गोष्ट फोटोत कळणार नाही: स्लॅबच्या पकडीखाली झाकलेली कड. त्यासाठी ५ पटींचं भिंग आणि छोटा टॉर्च घेऊन रविवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडा. आगाऊ देऊ नका. अगदीच अडलं तर ‘नाणं पसंत न पडल्यास पूर्ण परत’ असं मेसेजमध्ये लिहून घेतल्यावरच द्या.

पाचपाखाडी
रेघा राजाच्या कॉलरपाशी थांबताहेत, गालावर एकही नाही. आगाऊ न देता रविवारी सकाळी येतो असं कळवलंय.