कागद असतील तर भीती कसली?

फ्रिस्कोकर (मूळ धागा):
दोन दिवस इथे न्यू जर्सीच्या 'ट्रस्ट डिरेक्टिव्ह'चं, म्हणजे स्थानिक पोलिसांनी केंद्राच्या इमिग्रेशन कारवाईला मर्यादितच मदत करावी या आदेशाचं, कौतुक वाचतोय, म्हणून लिहितो. तुरुंगातून सुटणाऱ्या माणसासाठी आइस (केंद्राची इमिग्रेशन यंत्रणा) डिटेनर, म्हणजे 'याला आमच्यासाठी अडकवून ठेवा' असा कागद, पाठवतं आणि तुमचं राज्य त्याला दार उघडून देतं. आमच्या टेक्ससमध्ये २०१७ च्या एसबी ४ कायद्यापासून शेरीफला (काउंटीच्या पोलीस प्रमुखाला) डिटेनर मानावाच लागतो. कायदा केंद्राचा, मग राज्याने आडवं का यावं? आणि ज्यांचे कागद नीट आहेत, त्या आपल्या लोकांना भीती कसली?

रारीटनकाठची:
शेवटचं वाक्य वाचलं आणि कणीक तशीच ठेवून लिहायला बसले.

मी ९ वर्षं इथल्या देशी बायकांच्या हेल्पलाइनवर फोन घेते. एका रात्री आपल्याकडच्याच एका मुलीचा फोन आला. बाथरूमला आतून कडी लावून बोलत होती. नवऱ्याने मारलं होतं, ओठ फुटला होता. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेली, कागद अगदी नीट. ९११ ला फोन कर म्हटलं तर म्हणाली, "ताई, पोलिसांमागून आइस येतं. मला परत पाठवतील आणि पोरगी इथेच राहील." नवऱ्यानेच हे तिच्या मनावर बिंबवलं होतं. इथल्या पोलिसांना उगाच कोणाचा व्हिसा विचारता येत नाही, हे मी तिला छातीठोकपणे सांगू शकले. तेव्हा कुठे तिने फोन केला.

आता 'आडवं येण्या'बद्दल. १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की केंद्राला राज्याचे अधिकारी आपल्या कामाला जुंपता येत नाहीत. तो खटला शेरीफ लोकांनीच लढवला होता, बंदुकीच्या कायद्यावरून. तेव्हा राज्यांचे हक्क सगळ्यांना प्रिय होते. डिटेनर ही विनंती आहे, हुकूम नाही. ज्या २०१४ च्या निकालात थर्ड सर्किट या केंद्राच्या अपील कोर्टाने हे म्हटलं, त्यातला डांबून ठेवलेला माणूस न्यू जर्सीतच जन्मलेला अमेरिकन नागरिक होता. त्याच्याकडे कुठले कागद कमी होते?

फ्रिस्कोकर:
त्या मुलीबद्दल वाईट वाटलं. पण एसबी ४ मध्येही पीडितांना आणि साक्षीदारांना गरजेशिवाय स्टेटस विचारायला मनाई आहे, हे तुम्ही गाळलंत.

आता माझं ऐका. माझ्या मेहुण्याला तुमच्याच राज्यात दारू प्यायलेल्या माणसाने गाडीने उडवलं. ना लायसन्स, ना इन्शुरन्स, आणि आधी दोनदा पकडून सोडलेला. मेहुणा अजून काठी घेऊन चालतो. त्या माणसाला दुसऱ्या वेळीच आइसच्या ताब्यात दिलं असतं तर? माझ्या बहिणीला प्रिंट्झ समजावून सांगा.

रांगेतला_माणूस:
फ्रिस्कोकरांशी शंभर टक्के सहमत. ग्रीन कार्डाच्या रांगेतली माझी तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, २०१४ ची आहे. दर वर्षी टॅक्स भरतो, नोकरी बदलताना जीव मुठीत असतो. मुलगी पुढच्या वर्षी २१ ची होते, मग तिला माझ्या अर्जावरून वगळतील. इथेच वाढलेली मुलगी! सीमा ओलांडून आलेल्यांसाठी राज्यं ढाल घेऊन उभी, आमच्यासाठी कोण आहे?

शिकागोतला_वऱ्हाडी:
दुःख खरं आहे तुमचं, पण राग चुकीच्या दारात. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, त्यात एका देशाला ७ टक्के. ही मर्यादा १९९० च्या कायद्यातली. विनाकागद माणूस त्या रांगेत उभाच नाही, तो तुमचा नंबर कसा खाणार? उद्या सगळ्यांना हाकललं तरी तुमची तारीख एक दिवस पुढे सरकणार नाही.

रांगेतला_माणूस:
तुम्हाला नागरिकत्व मिळालंय, म्हणून हे हिशोब सुचतात. माझ्या मुलीला हा ७ टक्क्यांचा हिशोब तुम्ही सांगाल?

शिकागोतला_वऱ्हाडी:
माझ्या नागरिकत्वावर जाऊ नका. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने परत पाठवलेल्या भारतीयांना घेऊन अमृतसरला लष्करी विमान उतरलं. १०४ माणसं, बरीचशी बेड्या घातलेली, त्यात तिघं महाराष्ट्रातली. त्या दिवशी माझ्या घरी कोणी धड जेवलं नाही. 'आपले लोक' म्हणताना ते तिघं मोजता की नाही?

रांगेतला_माणूस:
मोजतो. पण आधी माझी मुलगी मोजतो.

कोर्टकचेरी:
ग्रीन कार्डासाठी वेगळा धागा काढा, मूळ मुद्दा बुडाला.

आइसला कळू दिलं जात नाही, हा मोठा गैरसमज आहे. कुठल्याही काउंटीत अटक झाली की बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून होमलँड सिक्युरिटीकडे. न्यू जर्सीतही. वाद आहे तो पुढच्या ४८ तासांचा: सुटायची वेळ झालेल्या माणसाला न्यायाधीशाची सही नसलेल्या कागदावर अडकवून ठेवायचं का? गंभीर आणि हिंसक गुन्ह्यांत सुटकेची वेळ कळवायला जर्सीतही मुभा आहे.

दुसरं, २८७ (जी) करार, म्हणजे स्थानिक पोलिसांना आइसचं काम करू देणारे करार, सगळे सारखे नसतात. एकात तुरुंगातल्या कैद्यांची चौकशी, दुसऱ्यात पोलीस रस्त्यावर इमिग्रेशन तपासतात. तो दुसरा प्रकार २०१२ मध्ये बंद केला होता, २०२५ मध्ये पुन्हा आणला. रस्त्यावर काय होतं ते ॲरिझोनात मॅरिकोपा काउंटीने दाखवलं. शेरीफ आर्पायोची माणसं चेहरा बघून लॅटिनो लोकांच्या गाड्या थांबवत होती, असं २०१३ मध्ये फेडरल कोर्टानेच म्हटलं. आपला रंग त्या चेहऱ्यांपेक्षा फार वेगळा नाही.

रारीटनकाठची:
फ्रिस्कोकर, एक मान्य करते, मनाविरुद्ध. न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणं फौजदारी गुन्ह्यात धरतच नाहीत, वाहतुकीच्या कायद्यात ढकलतात. ही फट आहे आणि ती बुजवायला हवी. तुमच्या बहिणीला मी काहीच समजावू शकत नाही. पण म्हणून गस्तीवरच्या पोलिसाच्या हातात व्हिसा तपासायचं काम द्यायला मी कधीच हो म्हणणार नाही.

फ्रिस्कोकर:
रस्त्यावर नको, इतपत ठीक. तुरुंगातल्या डिटेनरबद्दल मी तसूभर हलणार नाही.

आणि रात्रभर डोक्यात होतं म्हणून सांगतो. ग्रीन कार्ड कायम जवळ बाळगावं हा कायदा जुनाच आहे, पण माझं १२ वर्षं कपाटात पडून होतं. २०२५ पासून ते पाकिटात आहे. बायकोचंही. रात्री दूध आणायला गेलो तरी आधी चाचपून बघतो.