टेलनेट लागतंय पण डीबगर लागत नाही (जावा १७, डॉकर, एसएसएच टनेल)

वाकडचा_कोडर
राव डोकं फिरलंय. घरून काम करतोय, स्टेजिंगचं (चाचणीचं) मशीन क्लाउडवर मुंबई रीजनला, त्यावर डॉकरच्या कंटेनरमध्ये (ॲपचा वेगळा बंद डबा) जावाचं स्प्रिंग बूट ॲप. लॅपटॉपवरून एसएसएचचा टनेल (सर्व्हरपर्यंतची सुरक्षित वाट) टाकलाय ५००५ वरून ५००५ ला, कंटेनरचं पोर्टही ५००५:५००५ असं मॅप केलंय, आणि लॉगमध्ये 'लिसनिंग फॉर ट्रान्सपोर्ट डीटी_सॉकेट' ही ओळ व्यवस्थित येते. लॅपटॉपवरून टेलनेट मारलं की लगेच कनेक्टेड म्हणतं, मग क्षणात तुटतं. इंटेलिजेमधनं (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) डीबगर अटॅच केला की 'हँडशेक फेल्ड'. जावा ८ वर हेच सेटिंग मस्त चालत होतं. नेटवर्कवाले म्हणतात फायरवॉल ओके आहे. टेलनेट लागतंय म्हणजे पोर्ट उघडाच आहे ना, मग अडतंय कुठे?

पेठेतला_पेंग्विन
टेलनेट लागतंय यावरून काहीही सिद्ध होत नाही. सोसायटीच्या वॉचमनने इंटरकॉम उचलला म्हणून फ्लॅटमध्ये माणूस आहे असं होत नाही. तुमचं टेलनेट लॅपटॉपवरच्याच एसएसएच क्लायंटला लागतंय, तो कुणाचंही कनेक्शन आधी घेतो आणि पलीकडे कोण आहे ते नंतर बघतो. पलीकडे डॉकरची प्रॉक्सी, तीही तशीच. खरा जेव्हीएम (ॲप चालवणारं जावाचं इंजिन) अजून आलेलाच नाही. डीबगर आणि जेव्हीएम ज्या भाषेत बोलतात ती जेडीडब्ल्यूपी, त्यात डीबगर आधी 'जेडीडब्ल्यूपी-हँडशेक' हे १४ बाइट पाठवतो आणि तेच परत येण्याची वाट बघतो, ते येत नाहीत म्हणून बोंब.

आता कारण. जावा ८ पर्यंत डीबगच्या सेटिंगमध्ये ॲड्रेस=५००५ एवढंच लिहिलं तर सगळ्या इंटरफेसवर ऐकायचं, जावा ९ पासून तेवढंच लिहिलं तर फक्त लोकलहोस्टवर ऐकतं. आणि कंटेनरचा लोकलहोस्ट कंटेनरपुरता, मॅप केलेल्या पोर्टवरून येणारं ट्रॅफिक येतं कंटेनरच्या ईथ० वर (बाहेरच्या नेटवर्कचा इंटरफेस), तिथे कुणीच बसलेलं नाही. ॲड्रेस=*:५००५ करा. तपासायचं तर कंटेनरच्या आत एसएस -एलटीएन (कोण कुठल्या पत्त्यावर ऐकतंय ते दाखवणारी कमांड) चालवा, १२७.०.०.१:५००५ दिसलं की चोर सापडला. इमेजमध्ये एसएस नसेल तर होस्टवरून एनएसएंटर (कंटेनरच्या नेटवर्कमध्ये शिरायची कमांड) वापरा.

रात्रपाळी
वरचं बरोबर आहे पण स्टार टाकून तसंच सोडू नका!! जेडीडब्ल्यूपीला पासवर्ड वगैरे काही नसतं, जो जोडला जाईल तो तुमच्या जेव्हीएममध्ये हवा तो कोड चालवू शकतो. आणि यूएफडब्ल्यूवर (लिनक्सवरचं फायरवॉल) विसंबू नका, डॉकरने पब्लिश केलेलं पोर्ट त्याचे नियम टाळून बाहेर जातं. मॅपिंग १२७.०.०.१:५००५:५००५ असं करा. स्टार कंटेनरच्या आत आणि होस्टवर फक्त लूपबॅक (म्हणजे १२७.०.०.१), टनेलला तेवढं पुरतं. टनेलमध्येही लोकलहोस्ट ऐवजी १२७.०.०.१ लिहा, कारण ते नाव सर्व्हरच्या बाजूला सोडवलं जातं आणि कधीकधी आयपीव्ही६ चा पत्ता आधी मिळतो.

वाकडचा_कोडर
लागलं लागलं! दोघांनाही बेडेकरांची मिसळ माझ्याकडून. पण आता नवीनच, ब्रेकपॉइंटला (कोड जिथे थांबवायचा ती खूण) थांबलं की अख्खं स्टेजिंग गोठतं आणि टेस्टिंगवाल्या ताई चॅटवर शंख करतात. शिवाय जरा चहाला उठलो की टनेल मेलेला असतो, आणि मधेच कधीतरी परत तोच हँडशेकचा एरर.

पेठेतला_पेंग्विन
ब्रेकपॉइंटवर राइट क्लिक करा, सस्पेंडला 'ऑल' असेल ते 'थ्रेड' करा, म्हणजे तुमचीच रिक्वेस्ट थांबेल. डेटाबेसचं लॉक धरून थांबलात तर मात्र ताई परत ओरडणार, त्याला इलाज नाही. पुढे कुबरनेटिसवर (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) गेलात तर लाइव्हनेस प्रोब (ॲप जिवंत आहे का ही तपासणी) आधी सैल करा, डीफॉल्टला दर १० सेकंदांनी विचारतो आणि सलग ३ वेळा उत्तर नाही आलं की कंटेनर रीस्टार्ट, तुम्ही तिकडे व्हेरिएबल बघत बसलेले.

टनेलसाठी एसएसएच कॉन्फिगमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६० टाका, रिकामं बसलेलं कनेक्शन मधलं राउटर किंवा नॅट गुपचूप विसरून जातं.

आणि तो मधेच येणारा एरर, त्या वेळी टीममधलं दुसरं कुणी अटॅच केलेलं असतं का बघा. एका वेळी एकच डीबगर, तो जोडला गेला की जेव्हीएम त्या पोर्टवर ऐकायचंच बंद करतं, आधीचा सुटला की परत ऐकायला लागतं. मधल्या प्रॉक्सीमुळे तुम्हाला मात्र 'रिफ्यूज्ड' न दिसता हँडशेकच दिसणार.

वाकडचा_कोडर
अर्रर्र, ऑफिसातल्या माझ्या शेजारच्या डेस्कवाल्याचा डीबगर सकाळपासून लावलेला आहे आणि तो जेवायला गेलाय.