डॉ. फर्डिनांड ह्युपे: मान द्यायचा की फक्त नोंद ठेवायची?

तिरपा पास

बायर्नचे अकरा खेळाडू झोपेत सांगणाऱ्यालाही जर्मन फुटबॉल महासंघाचा पहिला अध्यक्ष विचारा, गप्प बसतो. फर्डिनांड ह्युपे. जन्म १८५२, ऱ्हाइनकाठच्या नॉयवीडजवळचा. तिथल्या बोर्डिंगात इंग्रज पोरं असायची, लहानपणी त्यांच्यात तो फुटबॉल खेळला असं सांगतात. म्हणजे चेंडूला लाथ घालणाऱ्या अगदी पहिल्या जर्मनांपैकी एक. पुढे लष्करी डॉक्टर, मग बर्लिनला रॉबर्ट कॉखच्या हाताखाली जंतुशास्त्र, आणि १८८९ पासून प्रागच्या जर्मन विद्यापीठात आरोग्यशास्त्राचा प्राध्यापक. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत, म्हणजे परदेशच. २८ जानेवारी १९०० ला लाइपझिगच्या मारियनगार्टन उपाहारगृहात ८६ क्लबांच्या वतीने महासंघ निघाला आणि अध्यक्षपद या परदेशातल्या प्राध्यापकाकडे गेलं.

इथवर कौतुकच. पण याच माणसाने १८९७ साली ग्रीकांच्या 'वंशीय आणि सामाजिक आरोग्या'वर पुस्तक लिहिलं. वंशशुद्धीच्या त्या विचाराचा तो उघड पुरस्कर्ता होता.

'त्याचा फुटबॉल घ्या, विचार सोडा' हे मला पटत नाही. कॉख म्हणायचा, जंतू आला की रोग आला. ह्युपे म्हणायचा, जंतू नुसती ठिणगी. दारूगोळा शरीरातच भरलेला असतो. म्हणून शरीर कसा, मैदानात उतरा. पण शरीर कसता कसता राष्ट्र कसायचं, राष्ट्र कसता कसता वंश, या पायऱ्या तो स्वतःच चढला. त्याचा खेळ आणि त्याचा वंशवाद एकाच पुडीतले. नोंद ठेवा, हार घालू नका.

विरजणवाला

मी डेअरीत गुणनियंत्रणात आहे, त्यामुळे ह्युपे आमचा माणूस. दूध जंतूंमुळे आंबतं-नासतं कसं, यावर त्याने १८८४ साली मूलभूत काम केलंय. रोज सकाळी टँकर आला की आम्ही आम्लता बघतो, तेव्हा अशाच लोकांची पुण्याई खातो.

'प्रकृती महत्त्वाची' म्हणणं म्हणजे वंशवाद नव्हे हो. नुसत्या जंतूने रोग होत नाही म्हणणाऱ्या म्युनिकच्या आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफरने १८९२ साली कॉलऱ्याचे जंतू असलेलं पाणी सगळ्यांसमक्ष पिऊन दाखवलं आणि थोड्या जुलाबांवर निभावलं. एकाला जंतू गाठतो, शेजाऱ्याला सोडतो, हे कसं? कॉख आणि पेटेनकोफर यांच्या मधली वाट ह्युपे शोधत होता. आज आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो तेव्हा काय वेगळं म्हणतो?

आणि तो ज्या क्लबाचा होता, त्या डीएफसी प्रागमध्ये बहुतेक सभासद जर्मन बोलणारे ज्यू होते. एवढा वंशद्वेष्टा असता तर तिथे का बसला असता?

मधली आळी

विरजणवाले, दुधाचं मान्य. शेवटच्या परिच्छेदाला मात्र हरकत. 'माझ्या पंक्तीला ते बसतात' हा बचाव आपल्याकडे जातीच्या बाबतीत रोज ऐकतो. पंक्तीला बसवणारा मुलीच्या स्थळाच्या वेळी काय करतो ते बघायचं असतं.

१८९७ म्हटलं की मला पुणंच आठवतं. प्लेगच्या तपासणीला गोरे सोल्जर घरात शिरले, तेही सार्वजनिक आरोग्याच्या नावानेच. ह्युपेचा कॉखच्या प्रयोगशाळेतला सहकारी गाफ्की त्याच वर्षी जर्मन प्लेग आयोग घेऊन मुंबईत होता. गाफ्कीने काही वाईट केलं असं म्हणत नाही. पण आरोग्यशास्त्र त्या काळी सत्तेच्या हाताला हात लावून चालायचं, एवढं लक्षात ठेवा.

विरजणवाला

रँड आणि ह्युपे एका वाक्यात? उद्या ढगफुटीलाही हवामानशास्त्रज्ञाला धरा.

जुना गोलकीपर

तुम्ही सगळे पुस्तकी भांडताय. अध्यक्ष म्हणून माणूस कसा होता ते बघा ना! पहिली राष्ट्रीय स्पर्धा, १९०३. कार्ल्सरुहे विरुद्ध डीएफसी प्राग, उपांत्य सामना. कार्ल्सरुहेला तार येते, 'सामना पुढे ढकलला'. बिचारे घरी राहिले. तार खोटी. कुणी केली ते आजवर कळलं नाही. कार्ल्सरुहे बाद, आणि प्राग एकही सामना न खेळता अंतिम फेरीत! अध्यक्ष कुठल्या क्लबाचा? प्रागचा.

तार ह्युपेने केली असं मी म्हणत नाही, पुरावा नाही. पण आमच्या तालुका लीगमध्ये असं झालं असतं तर अध्यक्षाच्या स्कूटरची हवा गेली असती. ३१ मेला आल्टोनात अंतिम सामना, तोही लांबला कारण धड चेंडू नव्हता. मध्यंतराला १-१, शेवटी लाइपझिगने प्रागला ७-२ धुतलं. देवाघरी न्याय आहे.

अवांतर: ह्युपेनंतर १९०४ ला अध्यक्ष झालेला नोहे कार्ल्सरुहेचा!

परदेशस्थ

डॉक्टरच हवा असेल तर गुस्ताव मॅनिंग घ्या. लंडनमध्ये जन्मलेला ज्यू मुलगा. वैद्यकीचं शिक्षण घेता घेता फ्रायबुर्गचा क्लब उभा केला, महासंघाच्या स्थापनेत पुढे होता, १९०५ ला अमेरिकेला गेला. १९१३ ला तिथल्या फुटबॉल महासंघाचा पहिला अध्यक्ष, १९४८ ला फिफाच्या कार्यकारिणीवर पहिला अमेरिकन. एक डॉक्टर वंशशास्त्र लिहीत बसला, दुसऱ्याने दोन देशांत खेळ रुजवला. निवड अवघड आहे का?

तिरपा पास

गोलकीपर, तारेचं मला माहीत होतं, स्कूटरचं नव्हतं.

एका बाबतीत मी माघार घेतो. ह्युपेला अध्यक्षपदी बसवण्याची गरज का होती, हे मी लिहायला हवं होतं. तेव्हा जर्मनीत जिम्नॅस्टिकवाल्यांचं राज्य. १८९८ साली स्टुटगार्टच्या प्लांक नावाच्या शिक्षकाने फुटबॉलवर एक पुस्तिका काढली आणि खेळाला 'इंग्रजी रोग' म्हटलं. जर्मनमध्ये मुडदुसालाही हेच नाव! लाथ मारताना माणूस माकडासारखा वाकतो, अशी त्याची तक्रार. आता मुडदूस म्हणून हिणवलेल्या खेळाच्या डोक्यावर चक्क आरोग्यशास्त्राचा प्राध्यापक बसवणं, याहून झकास उत्तर कुठलं? घरी मुलाला 'खेळू नको, हाडं वाकतील' म्हणणाऱ्या बापापुढे त्याचं नाव टाकता यायचं.

म्हणजे उपयोग झाला, तो मी नाकारत नाही. पण विरजणवाले, प्रागच्या क्लबाचं ऐका. ह्युपे १९३८ ला ड्रेस्डेनमध्ये म्हातारपणी वारला. पुढच्याच वर्षी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि डीएफसी प्राग संपला. त्या क्लबाचे सभासद कुठल्या 'शास्त्रा'ने मोजले गेले, ते तुम्हाला मी सांगायला नको.

विरजणवाला

१८९७ च्या पुस्तकाला १९३९ चं बिल? नाही पटत. पण प्लांकची पुस्तिका भारी आहे, ती आधी का नाही टाकलीत?